वाघाच्या मावशीचे डोळे

अकराव्या शतकातला चिनी विद्वान शन ग्वो याने आपल्या टिपणांच्या ग्रंथात एका चित्राची हकिगत नोंदवून ठेवली आहे. त्या काळचे थोर साहित्यिक ओउयांग शिउ यांच्या हाती एक जुने चित्र आले. पिओनीच्या फुलांचे झुडूप आणि त्याच्या बुडाशी एक मांजर, एवढेच त्यात होते. चित्र उत्तम की सामान्य, हे काही त्यांना ठरवता येईना. त्यांचे सोयरे असलेल्या मंत्री वू यांनी मात्र ते पाहताक्षणीच सांगितले, की ही भर दुपारची पिओनी आहे. कारण विचारल्यावर त्यांनी दोन खुणा दाखवल्या. फुले पुरती उमललेली होती आणि त्यांचा रंग कोरडा पडला होता, ही पहिली. दुसरी खूण मांजराच्या डोळ्यात होती: काळी बाहुली दोऱ्यासारखी बारीक झाली होती. सकाळ-संध्याकाळ ती गोल असते, ऊन चढेल तशी अरुंद होत जाते आणि माध्यान्ही दोऱ्याएवढी उरते, असे त्यांचे म्हणणे.

या पुस्तकाच्या दारात वाचकाचे स्वागत करायला मला याहून चांगली गोष्ट सुचत नाही. चित्रकाराने पाहिले होते, मंत्र्याने ओळखले आणि शन ग्वोने लिहून ठेवले. तिघांपैकी कोणाजवळही भिंग नव्हते, उपकरण नव्हते. प्राण्यांच्या डोळ्यांतल्या बाहुलीच्या आकाराचा अभ्यास आज प्रकाशशास्त्र, मज्जाशास्त्र, उत्क्रांतीचा इतिहास आणि पशुवैद्यक अशा अनेक वाटांनी पुढे गेला आहे. तरी त्याचा पाया अजूनही नीट पाहणे हाच आहे. ओसरीवर ऊन खात बसलेल्या मांजराकडे ज्याने लक्ष देऊन पाहिले आहे, त्याचा या विषयात प्रवेश झालेलाच आहे. पुढच्या प्रकरणांत गणित आहे, पण थोडे; आणि ते टाळून पुढे गेले तरी धागा तुटणार नाही याची काळजी घेतली आहे.

मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो. नाते खरेच जवळचे आहे. दबा धरणे, झेप, पंजात मिटणारी नखे, मिशा, चालण्यातला मऊपणा हे सगळे दोघांत सारखे. पण दोघांना उजेडात समोरासमोर पाहिले, तर डोळ्यांत फरक दिसतो. मांजराची बाहुली मिटताना उभी फट होते. वाघाची मिटताना लहान होत जाते, पण शेवटपर्यंत गोलच राहते. सिंह, बिबट्या, हिमबिबट्या, अमेरिकेतला जॅग्वार या सगळ्यांचे तसेच. चित्ता आणि प्यूमा यांचेही. मावशी-भाच्यांत हा फरक का पडला, हा या पुस्तकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

हा फरक ठाऊक नसल्याचे परिणाम कलेतही दिसतात. एदो काळातल्या जपानी चित्रकारांना जिवंत वाघ पाहायला मिळणे जवळजवळ अशक्य होते. बाहेरून आलेली कातडी आणि घरात वावरणारे मांजर यांवरून ते वाघ उभा करत. म्हणून त्या काळच्या कितीतरी देखण्या वाघांच्या डोळ्यांत मांजराची उभी फट आहे. मला ती चित्रे अतिशय प्रिय आहेत. चित्रकाराने डोळा मनाने रचला नाही, समोर जो होता तोच मन लावून पाहिला, हे त्या फटीतून कळते.

आता डोळ्याच्या आत जाऊ. बाहुली म्हणजे एक भोक. त्याच्याभोवतीचा रंगीत पडदा म्हणजे परितारिका. तिच्यातले स्नायू ते भोक लहानमोठे करतात. माणसाच्या परितारिकेत भोकाभोवती स्नायूचे कडे असते आणि नाडी ओढल्यावर पिशवीचे तोंड आवळावे तशी बाहुली आवळते. पिशवीचे तोंड कितीही ओढले तरी मध्ये थोडी जागा राहतेच, कारण कापड स्वतःच्याच चुण्यांवर येऊन अडते. मांजराच्या परितारिकेत कडे आहेच, शिवाय बाहुलीच्या वर आणि खाली स्नायूंचे तंतू एकमेकांना ओलांडून पुढे गेलेले असतात. ते आवळले की भोक डावी-उजवीकडून मिटत येते. म्हणून माणसाच्या बाहुलीचे क्षेत्रफळ पूर्ण उघडल्यापासून पूर्ण आवळेपर्यंत सुमारे 15 पटींनी बदलते, तर मांजराचे सुमारे 135 पटींनी.

एवढी ताकद मांजराला कशाला लागते? त्याचे वजन चार-पाच किलो, पण डोळ्याची खोली सुमारे 22 मिलिमीटर, म्हणजे आपल्या 24 मिलिमीटरच्या जवळपास. बाहुली पूर्ण उघडते तेव्हा आपल्यापेक्षा कितीतरी मोठी होते. दृष्टिपटलाच्या मागे चकाकणारा थर असतो. एकदा निसटलेला प्रकाश तो पुन्हा दृष्टिपटलाकडे परतवतो. रात्री गाडीच्या दिव्यात मांजराचे डोळे चमकतात ते याच थरामुळे. आपल्याला लागतो त्याच्या साधारण सहाव्या हिश्शाच्या उजेडात मांजर पाहू शकते. इतका संवेदनशील डोळा घेऊन हे जनावर वैशाखातल्या दुपारी कौलांवर झोपते, मध्येच उठते आणि चिमणीवर नजर लावते. रात्रीच्या डोळ्याला दिवसा निभावून न्यायचे, तर दार जवळजवळ पूर्ण बंद करता आले पाहिजे. अमेरिकी नेत्रशास्त्रज्ञ गॉर्डन वॉल्स यांनी 1942 साली पृष्ठवंशी प्राण्यांच्या डोळ्यांवरच्या आपल्या प्रचंड ग्रंथात ही मांडणी केली. रात्री हिंडणारे पण दिवसाही उन्हात येणारे प्राणी फटीची बाहुली बाळगतात, असे त्यांचे सूत्र होते. हा ग्रंथ आजही वाचावा असा आहे. वॉल्स यांचे काही निष्कर्ष मागे पडले, पण एका डोळ्यामागे संपूर्ण प्राणी, त्याचा दिवस आणि त्याची रात्र पाहण्याची त्यांची दृष्टी मागे पडलेली नाही.

वॉल्स यांच्या सूत्रात एक जागा मात्र रिकामी राहते. प्रकाश अडवायला फट हवी हे मान्य. पण ती उभीच का? आडवी फटही तेवढाच प्रकाश अडवेल. तिरकी असती तरी काम झाले असते.

दुसरे उत्तर स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातून आले. टिम माल्मस्ट्रॉम आणि रोनाल्ड क्रोगर यांनी 2006 साली दाखवले, की फटीची बाहुली असलेल्या प्राण्यांच्या डोळ्यांत भिंगही वेगळ्या घडणीचे असते. साध्या भिंगातून जाताना निळा आणि तांबडा प्रकाश एकाच अंतरावर एकवटत नाही, त्यामुळे प्रतिमेच्या कडांना रंगीत पुसटपणा येतो. या प्राण्यांच्या भिंगात एकात एक अशी वर्तुळाकार क्षेत्रे असतात आणि प्रत्येक क्षेत्र वेगळ्या रंगाचा प्रकाश नेमका दृष्टिपटलावर आणते. गोल बाहुली आवळली की भिंगाचा बाहेरचा भाग झाकला जातो आणि त्या भागाचा रंग विस्कटतो. फट मात्र भिंगाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाते, म्हणून प्रत्येक क्षेत्राचा थोडा थोडा भाग वापरात राहतो. बाहुली आणि भिंग यांचा विचार एकत्र करायला हवा, हा धडा या कामाने दिला, आणि माझ्या मते या विषयातले ते सर्वांत सुंदर काम आहे. पण उभ्या-आडव्याचा प्रश्न त्यानेही सुटत नाही. कोणत्याही दिशेची फट सगळ्या क्षेत्रांवरून जाईलच.

त्या प्रश्नाला थेट हात घातला तो मार्टिन बँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. बँक्स बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले, त्यांचे एक सहकारी गॉर्डन लव्ह इंग्लंडमधल्या डरहॅमचे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात जमिनीवर राहणाऱ्या 214 जातींच्या बाहुल्यांचे आकार एका बाजूला आणि त्यांचे जगणे दुसऱ्या बाजूला असे मांडले होते. दबा धरून शिकार करणारे, दिवसा-रात्री दोन्ही वेळा वावरणारे प्राणी उभ्या फटीकडे झुकतात. ज्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आहेत असे चरणारे प्राणी आडव्या बाहुलीकडे झुकतात. ज्यांचे डोळे समोर आहेत आणि जे दबा धरून शिकार करतात अशा 65 जातींपैकी 44 जातींची बाहुली उभी निघाली. आणि त्या 44 पैकी 36 जातींची खांद्यापर्यंतची उंची 42 सेंटिमीटरपेक्षा कमी होती. ठेंगणा शिकारी आणि उभी फट यांची ही गाठ कशी पडते, हे समजण्यासाठी एक प्रयोग करून पाहावा.

ज्यांना लांबचे दिसायला चश्मा लागतो, त्यांना तो घरबसल्या करता येईल. पोस्टकार्डाएवढ्या जाड पुठ्ठ्यात ब्लेडने सुमारे एक मिलिमीटर रुंद आणि तीन-चार सेंटिमीटर लांब फट कापा. चश्मा काढा, एक डोळा मिटा, दुसऱ्या डोळ्याशी पुठ्ठा अगदी लगत धरा आणि समोरच्या खिडकीचे गज पाहा. उभे-आडवे दोन्ही गज असलेली खिडकी हवी. फट उभी धरली की उभे गज आश्चर्य वाटावे इतके रेखीव होतात, आडवे मात्र पुसटच राहतात. पुठ्ठा हळूहळू फिरवून फट आडवी करा. आता आडवे गज रेखीव आणि उभे पुसट. हा प्रयोग शाळेतल्या मुलांकडून जरूर करून घ्यावा. पुठ्ठा फिरतो तसे गजांचे नशीब पालटताना पाहून मोठी माणसेही तो पुन्हा पुन्हा फिरवतात.

कारण सोपे आहे. फोटो काढणाऱ्यांना ठाऊक असते, की अपर्चर लहान केले तर जवळचे आणि लांबचे दोन्ही फोकसमध्ये येते. मोठे केले तर एकच अंतर स्पष्ट दिसते आणि त्याच्या पुढचे-मागचे सगळे धूसर होते. उभी फट म्हणजे आडव्या दिशेने लहान अपर्चर आणि उभ्या दिशेने मोठे. मांजराचा डोळा एकाच वेळी दोन्ही कामे करतो. गवताच्या काड्या, झाडाचा बुंधा, उंदराच्या अंगाच्या बाजू अशा उभ्या कडा जवळच्या असोत की दूरच्या, त्याला रेखीव दिसतात. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या दोन चित्रांतल्या किंचित फरकावरून अंतर ओळखायला याच उभ्या कडा लागतात, कारण डोळे शेजारी शेजारी असल्यामुळे हा फरक डावी-उजवीकडे पडतो. आडव्या कडांचे उलट. त्या फक्त ठरावीक अंतरावरच स्पष्ट असतात, पुढे-मागे धूसर होत जातात, आणि किती धूसर यावरूनही अंतराचा अंदाज येतो. मांजरासमोर पसरलेली जमीन अशा आडव्या कडांनीच भरलेली असते. झेपेआधी मांजर बूड हलवत क्षणभर थांबते, त्या क्षणी अंतराचा हिशेब दोन वेगळ्या रीतींनी चाललेला असतो.

उंचीचा संबंध इथे येतो. डोळा जमिनीच्या जितका जवळ, तितकी नजर वर-खाली होताना धूसरपणा झपाट्याने बदलतो. डोळा जमिनीपासून 20 सेंटिमीटरवर असेल, तर तो 80 सेंटिमीटरवर असताना होईल त्याच्या चौपट वेगाने हा बदल होतो. मांजराला धूसरपणातून भरपूर माहिती मिळते; वाघाला तीच युक्ती फारशी उपयोगाची नाही. म्हणून वाघाची गोल बाहुली हे मांजराच्या डोळ्यातले काही कमी पडल्याचे लक्षण मानू नये. तो वेगळ्या उंचीवरून पाहणारा डोळा आहे. आपल्याकडचा बिबट्या तर पुरता रात्रीचा शिकारी. जुन्नरच्या उसात आणि बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात त्याचा वावर अंधारातलाच. तरी बाहुली गोल. रात्र आणि फट यांची सरळ जोडी लावणाऱ्यांनी बिबट्याला नजरेआड करू नये.

हे मार्जारकुळापुरतेच आहे का, हे पाहायचे तर सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर जावे. तिथे लांडगा आहे, कोल्हा आहे आणि खोकडही. लांडगा आणि कोल्ह्याची बाहुली गोल. खोकड त्यांच्याच कुळातले, पण अंगाने लहान, उंदीर, टोळ आणि सरडे टिपणारे. त्याची बाहुली उभी फट. कुत्र्याच्या कुळातल्या या ठेंगण्याने डोळ्याच्या बाबतीत मांजराची वाट धरली आहे. रक्ताच्या नात्यापेक्षा जगण्याची रीत डोळ्यावर अधिक ठसा उमटवते, हे मला सर्वांत आधी पटले ते या उदाहरणाने, आणि पुस्तकाचा एकूण सूरही तोच आहे.

साप हा मुद्दा आणखी पुढे नेतात. घोणशीची बाहुली उभी, आणि ती एका जागी पडून भक्ष्याची वाट पाहते. नाग हिंडून शिकार करतो, त्याची बाहुली गोल. हरणटोळाची आडवी. मांजऱ्या सापाला तर नावच त्याच्या डोळ्यावरून मिळाले आहे. फ्रान्स्वा ब्रिशू, लिगिया पिझाटो आणि रिक शाइन यांनी 2010 साली सापांच्या बाहुलीचा अभ्यास करून उभी बाहुली आणि दबा धरण्याची सवय यांचा संबंध दाखवला. इथे एक इशारा दिलाच पाहिजे. उभी बाहुली म्हणजे विषारी, गोल म्हणजे बिनविषारी असा समज सर्रास सांगितला जातो. महाराष्ट्रात तो जीवघेणा आहे. नागाची बाहुली गोल आहे, आणि मांजऱ्याचे सौम्य विष माणसाला धोक्याचे नसूनही त्याची उभी आहे. डोळ्यावरून विष ठरत नाही.

शेळीची आडवी बाहुली गावात कोणालाही पाहता येते. तिला सभोवारचे क्षितिज हवे असते, कारण धोका जमिनीलगतच्या कोणत्याही दिशेने येऊ शकतो. चरायला मान खाली घातल्यावर बाहुली उभी होऊन हा फायदा जायला हवा. तो जात नाही, कारण शेळीचा डोळा खोबणीतल्या खोबणीत 50 अंश किंवा त्याहूनही जास्त फिरतो आणि बाहुली जमिनीला समांतर राहते. उस्मानाबादी शेळीचा कळप सकाळी माळावर सुटतो तेव्हा एका शेळीच्या शेजारी उकिडवे बसून, तिने मान खाली नेतानाचा डोळा बाजूने पाहावा. पुढे पालींचेही एक प्रकरण आहे. त्यांच्या कुळातल्या काही जातींत बाहुली मिटताना एका रेषेत चार सूक्ष्म छिद्रे उरतात.

इथवर चित्र बरेच नीटनेटके झाले, आणि नेमकी तिथेच मॅन्युल मध्ये येते. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांत, तिबेटच्या पठारावर आणि आपल्या लडाखमध्ये राहणारी ही दाट केसांची मांजर. पीटर सायमन पल्लास यांनी 1776 साली तिचे शास्त्रीय वर्णन केले, म्हणून तिला पल्लासची मांजर असेही म्हणतात. वजनाने घरच्या मांजराएवढी, पाय आखूड, पोट जमिनीला टेकेल इतकी ठेंगणी. पिका नावाचा, सशाच्या गोतातला छोटा प्राणी हे तिचे आवडते भक्ष्य, आणि शिकारीची रीत दबा धरण्याचीच. उंचीचे सूत्र खरे मानले तर तिची बाहुली उभी फट असायला हवी. ती गोल आहे.

वंशावळीकडे पाहिले तर कोडे अधिकच गडद होते. वॉरेन जॉन्सन, स्टीफन ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी 2006 साली जनुकांच्या आधारे मार्जारकुळाच्या आठ शाखा मांडल्या. वाघ-सिंहांची शाखा सुमारे 1.08 कोटी वर्षांपूर्वी सर्वांत आधी वेगळी झाली. मॅन्युल त्या शाखेच्या जवळपासही नाही. तिचे निकटचे नातलग म्हणजे बिबटमांजर, मासेमार मांजर आणि वाघाटी यांची शाखा. दुसऱ्या बाजूला घरच्या मांजराची आणि आपल्या बाऊल या रानमांजराची शाखा. दोन्हीकडे फटीचे डोळे, मध्ये ही गोल डोळ्यांची. म्हणजे गोल बाहुली तिला मोठ्या भाच्यांकडून वारशाने आलेली नाही. कच्छ-राजस्थानातल्या शशकर्ण या रानमांजराची बाहुलीही आवळताना गोल राहते. ईशान्य भारतातल्या क्लाउडेड लेपर्डची नाते वाघाशी सांगूनही उभट, चातीसारखी होते. बँक्स यांच्या अभ्यासावर सर्वांत गंभीर आक्षेप इथूनच घेता येतो. 214 जाती म्हणजे 214 सुट्या साक्षी होत नाहीत. एका घराण्यातल्या दहा जाती सारख्या असतील तर तो एकच योगायोग दहा वेळा मोजला जाण्याची भीती असते. मला स्वतःला उंचीचे सूत्र मूळ दिशेने बरोबर वाटते. पण मॅन्युलसारख्या अपवादांकडे पाठ फिरवून ते सांगितले जाऊ नये. तिच्या वस्तीतला उघडा, झाडे नसलेला मुलूख आणि बर्फावरची झळाळी यांचा विचार सूत्रात यायला हवा.

अभ्यासाला बसणाऱ्यांना एका व्यावहारिक अडचणीची कल्पना आत्ताच देतो. अंधारात सगळ्याच मांजरांच्या बाहुल्या पूर्ण उघडतात, आणि पूर्ण उघडलेली कोणतीही बाहुली गोल दिसते. जंगलातल्या रानमांजरांची आपल्याकडची बहुतेक छायाचित्रे रात्रीच्या कॅमेरा ट्रॅपमधली असतात. त्यांवरून गोल की उभी हे ठरवायला गेले तर चूक होणारच. अर्धवट उजेडात तर फटीचा डोळाही बदामी दिसतो. जातींच्या याद्यांमध्ये परस्परविरोधी नोंदी आढळतात त्यामागे बहुधा हेच कारण असते. आकाराची नोंद बाहुली पुरती आवळलेली असतानाच करायची, आणि नोंदीत उजेड कसा होता हे लिहायलाच हवे.

उजेडाशिवायही बाहुली बदलते. भीती, राग, शिकारीचा आवेश यांनी ती भर उन्हातही मोठी होते. फ्रेंच धर्मोपदेशक एवारिस्त ह्यूक यांनी 1854 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या चीनवरच्या पुस्तकात लिहिले आहे, की ढगाळ दिवशी दुपार झाली का असे विचारल्यावर एका मुलाने मांजर उचलून आणली, तिच्या पापण्या वर करून डोळे दाखवले आणि अजून दुपार व्हायची आहे असे सांगितले. पाहणे अचूकच होते. मात्र ही घड्याळाची वेळ नाही, उजेडाची आहे, आणि घाबरलेली मांजर हे घड्याळ क्षणात बिघडवते. त्याआधी प्लुटार्कने तर मांजराच्या बाहुलीची वाढ-घट चंद्राच्या कलांशी जोडली होती.

या विषयावर लिहिणाऱ्याने मांजराचे एक ऋण मान्य केलेच पाहिजे. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस, मांजरांच्याच मेंदूवर काम करताना, विशिष्ट दिशेच्या कडांनाच प्रतिसाद देणाऱ्या पेशी शोधल्या. एखादी पेशी उभ्या कडेला उत्तर देते, दुसरी आडव्या, तिसरी तिरक्या. काचपट्टी सरकवताना तिच्या कडेची सावली हलली आणि पेशी एकदम बोलू लागली, अशी त्या शोधाची कथा आहे. 1981 साली त्यांना नोबेल मिळाले. लहानपणीच्या तिरळेपणावर लवकर उपचार का करावेत, हे वैद्यकाला त्यांच्या कामातून कळले. ते काम प्रयोगशाळेतल्या मांजरांच्या जिवावर झाले, आणि ही गोष्ट हलकी करून सांगण्याचा मला अधिकार नाही. या पुस्तकातली निरीक्षणे वाचकांनी करावीत अशी माझी इच्छा आहे. पण एकाही प्राण्याच्या डोळ्यावर टॉर्च मारू नये, फ्लॅश उडवू नये. खिडकीतून येणारे ऊन पुरेसे आहे.

घरी मांजर असणाऱ्यांसाठी एक वेगळे प्रकरण आहे, आणि पुस्तकातले इतर काही वाचले नाही तरी ते वाचावे. दोन बाहुल्या एकाएकी लहानमोठ्या दिसू लागल्या, किंवा म्हाताऱ्या मांजराच्या दोन्ही बाहुल्या उजेडातही ताठ उघड्याच राहिल्या, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे. वाढलेल्या रक्तदाबाने दृष्टिपटल सुटून मांजर आंधळे होऊ शकते, आणि तासांचा उशीरही महागात पडतो. मांजराच्या बाहुलीचा आणखी एक आजारी आकार आहे, आणि त्याचे कारण शरीररचनेत आहे. बाहुली आवळणाऱ्या स्नायूंपर्यंत आदेश नेणाऱ्या बारीक नसा मांजरात दोनच असतात, एक नाकाच्या बाजूची आणि एक बाहेरच्या बाजूची. त्यांतली एकच दुबळी झाली तर अर्धी बाहुली आवळते आणि अर्धी उघडी राहते; तिचा आकार इंग्रजी डी अक्षरासारखा किंवा त्याच्या उलट दिसतो. मांजरांच्या ल्युकेमियाच्या विषाणूमुळे असे होऊ शकते. एवढ्या एका आकारावरून जाणता पशुवैद्य कोणती नस दुखावली ते सांगतो.

शेवटी एक विनंती. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक, मोठी झाली तरी दीडएक किलोची, आणि ती आपल्या सह्याद्रीत आहे. बाऊल तर उसाच्या आणि ज्वारीच्या शेतांच्या बांधावर राहते; कापणीच्या दिवसांत शेतकऱ्यांना तिची पिल्ले सापडतात. अशी पिल्ले उचलून न नेता तिथेच ठेवावीत, त्यांची आई जवळच असते. पण बांधावर दिवसाउजेडी मोठी बाऊल दिसली, तर लांबूनच, दुर्बीण असेल तर दुर्बिणीतून, तिचा डोळा पाहावा आणि वहीत पाच गोष्टी लिहाव्यात: तारीख, वेळ, ऊन थेट तोंडावर होते की सावली होती, प्राणी शांत होता की बिथरलेला, आणि बाहुलीचा आकार. आकार शब्दांत सांगू नये, पेन्सिलीने काढावा.